सहलीच्या बोटीवर कोणती उपकरणे हवीत?

पोंभुर्णा : ताडोबाच्या जंगलातून वाहत येणारी अंधारी नदी ज्या वैनगंगेला मिळते, तीच वैनगंगा पोंभुर्णा तालुक्याची पूर्वेकडील सीमा आहे. पलीकडे गडचिरोली जिल्हा. या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला तो ढिवर बांधवांचा लाकडी डोंगा. त्यावर ना दिवा, ना यंत्र. पाण्याची खोली बांबूने मोजायची आणि दिशा काठावरच्या झाडावरून ओळखायची, एवढेच त्याचे शास्त्र. आता मात्र चित्र पालटू लागले आहे. वैनगंगेवरच वरच्या अंगाला असलेल्या गोसीखुर्द जलाशयावर राज्य शासनाने जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे. यंत्रचलित सहलीच्या बोटी विदर्भातील जलाशयांवर दिसू लागल्या आहेत आणि त्यांच्यासोबत रंगीत पडद्यांची, उपग्रहाशी जोडलेली, पाण्याखालचे चित्र दाखविणारी उपकरणेही येत आहेत. बोट घेऊ इच्छिणाऱ्या बचत गटापुढे, मच्छीमार सहकारी संस्थेपुढे अथवा खासगी व्यावसायिकापुढे प्रश्न उभा राहतो तो एवढाच की, यातील नेमके काय घ्यावे?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूरच्या महिला मिरची तोडण्यासाठी डोंग्यातून वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीत निघाल्या असताना डोंगा उलटला आणि सहा महिला बुडाल्या. त्या सहलीला निघाल्या नव्हत्या, रोजीसाठी निघाल्या होत्या. पण नदी तीच आहे. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळील वेणा जलाशयात तरुणांची नाव बुडाली, ती मात्र सहलच होती. नाव उलटण्यापूर्वी त्यांच्यातील एकाच्या मोबाइलवरून फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू होते. म्हणजे जगाशी जोडणारे उपकरण नावेत होते, चालू होते आणि त्याचा जीव वाचविण्यासाठी काडीचाही उपयोग झाला नाही. उपकरणांची यादी करण्यापूर्वी ही घटना आठवावी. अंगावर बांधलेले जीवरक्षक जाकीट आणि क्षमतेइतकेच प्रवासी, या दोन गोष्टींना कोणत्याही विजेच्या यंत्राचा पर्याय नाही. पुढचे सर्व विवेचन या दोन गोष्टी जागेवर आहेत असे गृहीत धरूनच करता येते.

समुद्राची यादी नदीला लागू नाही

बाजारात मिळणारी बहुतेक उपकरणे समुद्रासाठी घडविलेली आहेत आणि विक्रेतेही समुद्राचीच यादी पुढे करतात. त्या यादीत रडार असते, नकाशा दाखविणारा चार्टप्लॉटर असतो, आसपासच्या जहाजांची नावे व वेग दाखविणारी एआयएस यंत्रणा असते. मुंबई बंदरासारख्या गजबजलेल्या पाण्यात त्यांचे मोल मोठे आहे. गोसीखुर्द किंवा इरईच्या जलाशयात एआयएसचा संदेश पाठविणारे दुसरे जहाजच नसेल, तर पडद्यावर दिसणार काय? डोंगा या यंत्रणेला दिसत नाही, मासेमारीचे जाळे दिसत नाही आणि पाण्यात उतरलेली म्हैसही दिसत नाही.

चार्टप्लॉटरची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत वैनगंगा-प्राणहिता या मार्गाचा समावेश आहे खरा, पण यादीत नाव असणे आणि खोलीचा तपशीलवार नकाशा बोटचालकाच्या हाती असणे यांत मोठे अंतर आहे. सोबत मिळणाऱ्या नकाशात जलाशय म्हणजे एक निळा डाग असतो. त्यामुळे महागड्या नकाशासाठी पैसे मोजण्यापेक्षा आपण गेलेली वाट नोंदवून ठेवणारा साधा जीपीएस अधिक कामाचा. वैनगंगेवर हिवाळ्याच्या सकाळी दाट धुके उतरते. अशा वेळी आदल्या दिवशी सुरक्षितपणे गेलेल्या वाटेची रेघ पडद्यावर असली, तर तिच्यावरून माघारी येता येते. ही सोय आज साध्या मोबाइलमध्येही आहे. जीपीएसला मोबाइलच्या नेटवर्कची गरज नसते, नकाशा मात्र घरूनच उतरवून घ्यावा लागतो.

खोलीमापक : पहिली खरेदी

जलाशयावरील बोटीला पहिले विजेचे उपकरण घ्यायचे, तर ते खोलीमापक, म्हणजेच इको साउंडर. मासे शोधण्याचे यंत्र म्हणून विकले जाते तेही मुळात हेच. बोटीच्या तळाशी बसविलेला संवेदक पाण्यात ध्वनिलहरी सोडतो आणि तळावर आदळून परत येण्यास त्यांना लागलेल्या वेळेवरून खोली काढतो. गोड्या पाण्यात २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर असतो. खोल समुद्रासाठी ५० किलोहर्ट्‌झची, तर उथळ पाण्यासाठी २०० किलोहर्ट्‌झची लहर वापरतात. आपल्याकडील पाण्यासाठी दुसरी पुरेशी आहे. खोल समुद्राची जादा क्षमता घेऊन जलाशयात काहीच साधत नाही.

धरणाच्या जलाशयाखाली पूर्वीचे शेत, झाडे, बांध, विहिरी, प्रसंगी आख्खी गावे असतात. गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात गावे गेली, हे साऱ्या विदर्भाला ठाऊक आहे. पावसाळा संपताना जेथे झाडाच्या खुंटावर चार मीटर पाणी असते, तेथेच एप्रिलमध्ये हातभर पाणी उरते. म्हणून नोव्हेंबरमध्ये आखलेली सहलीची वाट उन्हाळ्यात जशीच्या तशी वापरता येत नाही. वैनगंगेच्या पात्रातही बॅरेजची दारे बंद असताना आणि उघडल्यानंतर पाण्याची पातळी वेगवेगळी असते आणि वाळूचे दांडे दरवर्षी जागा बदलतात.

मात्र, या यंत्राची मर्यादा विक्रेता सहसा सांगत नाही. साधे खोलीमापक बोटीच्या खालचे पाहते, पुढचे पाहत नाही. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी बोट सेकंदाला चार मीटरहून अधिक अंतर कापते. पडद्यावर खुंट उमटेपर्यंत बोट त्याच्यावरून गेलेली असते, किंवा त्यावर आपटलेली असते. त्यामुळे पाण्याची खोली हळूहळू कमी होत असेल तर यंत्र सावध करील, अचानक उभा राहणारा खुंट मात्र ते दाखविणार नाही. अनोळखी पाण्यात चालण्याच्या वेगाने जाणे आणि ठरावीक खोलीखाली भोंगा वाजेल अशी सोय आधीच करून ठेवणे, हाच त्यावरचा उपाय. बोट अर्धा मीटर पाण्यात बुडत असेल, तर भोंगा दीड मीटरवर लावावा. संवेदक पृष्ठभागापासून किती खाली आहे, तो आकडाही यंत्रात भरावा लागतो. तो न भरल्यास एक चालक पाण्याची खोली पृष्ठभागापासून समजतो आणि दुसरा बोटीच्या तळापासून.

संवेदक कोठे बसवायचा, हे बोटीच्या बांधणीवर अवलंबून आहे. भरीव फायबरच्या तळातून ध्वनिलहर आरपार जाते, त्यामुळे तो आतून चिकटविता येतो. लाकडी अथवा ॲल्युमिनियमच्या तळाला ही युक्ती चालत नाही, तेथे तो मागच्या फळीवर पाण्याखाली लावावा लागतो. इंजिनाच्या पंख्याजवळ लावल्यास बुडबुड्यांमुळे आकडे नाचू लागतात. जलपर्णीचेही तसेच आहे. नाग नदीच्या सांडपाण्यामुळे गोसीखुर्दच्या पाण्यात माजणारी ही वनस्पती दाट झाली, की तिच्या मुळांनाच यंत्र तळ समजते. अशा वेळी जुना बांबूच खरा. तो बोटीतून काढून टाकण्याची घाई कोणी करू नये.

हाक कोणाला मारायची?

संकटात मदत मागण्याचे साधन हा दुसरा प्रश्न. समुद्रात याचे उत्तर ठरलेले आहे. व्हीएचएफ रेडिओच्या १६ व्या चॅनेलवर सतत कोणीतरी कान देऊन असते आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक शोध व बचावासाठी आहे. जलाशयाच्या काठावर १६ वा चॅनेल ऐकणारे केंद्र नाही. मग बोटीवर २५ वॅटचा संच बसवून हाक मारायची तरी कोणाला? जलाशयावर रेडिओचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्याच चॅनेलवरचा दुसरा संच धक्क्यावर असतो आणि बोट पाण्यात असेपर्यंत तो ऐकणारा माणूस तेथे बसलेला असतो. त्या माणसाचे मानधन हाही उपकरणाच्या किमतीचाच भाग मानला पाहिजे.

रेडिओची लहर साधारणपणे दृष्टीच्या रेषेत जाते. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला सुमारे ४ ने गुणले, की किलोमीटरमध्ये क्षितिज मिळते. बोटीत बसलेल्या माणसाच्या हातातील संच पाण्यापासून मीटरभर उंच धरला तर त्याचे क्षितिज चार किलोमीटर. धक्क्यावरची अँटेना नऊ मीटर उंच खांबावर असेल तर तिचे बारा. दोन्ही मिळून कागदावर सोळा किलोमीटर होतात. वाटेत जंगलाचा काठ अथवा टेकडी आली, की हा आकडा निम्म्याखाली येतो. म्हणून संचाची शक्ती वाढविण्यापेक्षा काठावरचा खांब वाढविणे स्वस्त आणि परिणामकारक.

सागरी व्हीएचएफ संचासाठी केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेचा परवाना लागतो. ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे वॉकीटॉकी परवान्यातून मुक्त आहेत. लहान तलावाला ते पुरतात. मात्र, ऑनलाइन बाजारात मिळणारा प्रत्येक संच या पट्ट्यातला असतोच असे नाही. परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-व्यापार कंपन्यांना नोटिसा बजावल्या होत्या. उपग्रह फोनबाबत तर अधिक सावध राहावे लागते. परदेशातील नौकाविहारी सर्रास वापरतात ते उपग्रह फोन व संदेशयंत्रे भारतात शासनाच्या परवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशातील नातेवाइकाने प्रेमाने पाठविलेली अशी भेटवस्तू नक्षलप्रभावित म्हणून ओळखल्या गेलेल्या या भागात भलतेच प्रश्न निर्माण करू शकते.

मदतीची हाक पोहोचविणारे उपकरण काय करू शकते, याचे उदाहरण भारतीय नौदलातील कमांडर अभिलाष टॉमी यांचे आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आधुनिक दिशादर्शक उपकरणांना बंदी होती. ते गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या नौकेतून निघाले होते. दक्षिण हिंदी महासागरात २१ सप्टेंबर रोजी वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठीला गंभीर दुखापत झाली. शर्यतीच्या नियमांनी जवळ बाळगायला लावलेला आपत्कालीन बीकन आणि छोटे संदेशयंत्र यांच्या आधारे त्यांचा ठावठिकाणा कळला आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच नौकेने त्यांना वाचविले. नकाशा दाखविणाऱ्या यंत्राविना त्यांनी हजारो मैल कापले होते, पण हाक पोहोचविणाऱ्या यंत्राविना त्यांची सुटका कठीण होती. वैनगंगा हा महासागर नव्हे. तरीही खरेदीचा क्रम ठरविताना वाट दाखविणारे यंत्र आणि हाक पोहोचविणारे यंत्र यांत आधी कोणते, हे यावरून उमगते.

या जंगलपट्ट्यात बहुतेक बोटींवर हाकेचे साधन म्हणजे मोबाइल. तो ११२ ला जोडून देतो, पण नदीच्या वळणांवर आणि जंगलाच्या आतल्या जलाशयांवर नेटवर्क अधूनमधून हरवते. कोणत्या ठिकाणी कोणत्या कंपनीचे नेटवर्क मिळते, हे हंगामापूर्वी एकदा बोटीतून फिरून कागदावर लिहून काढावे आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन सोबत ठेवावेत. ओल्या बोटांनी पडदा नीट चालत नाही, म्हणून जलरोधक पिशवी आधीच लावलेली हवी. सोबत एक शिटी असावी. शिटीला चार्जिंग लागत नाही.

सारे काही बॅटरीवर

बोटीवरची उपकरणे बंद पडतात, तेव्हा बहुधा उपकरण शाबूत असते आणि दोष विजेच्या पुरवठ्यात निघतो. गावात सहज मिळते म्हणून घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी बोटीत ठेवण्याचा मोह होतो. हेलकाव्यांनी तिच्यातील आम्ल सांडते आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन बंद खणात साठतो. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह देण्यास बनविलेली असते. तिला दिवसभर थोडी थोडी वीज काढण्याची सवय नसते आणि ती लवकर निकामी होते. एजीएम अथवा जेल प्रकारची बंदिस्त बॅटरी त्यापेक्षा योग्य. इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी आणि उपकरणांची वेगळी, हे तत्त्व लहान बोटीतही मोडू नये.

हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टवर खोलीमापकाचा पडदा साधारण १ अँपिअर घेतो, आठ तासांचे झाले ८ अँपिअर-तास. रेडिओ ऐकत राहण्यास व अधूनमधून बोलण्यास ३, पाणी उपसण्याचा पंप अर्धा तास चालला तर २, फोन चार्ज करण्यास ४, संध्याकाळच्या एलईडी दिव्यांना १. एकूण १८. शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटरीची क्षमता निम्म्याहून अधिक खर्चू नये हा संकेत पाळला, तरी ४० अँपिअर-तासांची बॅटरी पुरते. आता याच बोटीवर पर्यटकांच्या आग्रहाखातर १२० वॅटचा ध्वनिवर्धक लावा. तो एकटाच १० अँपिअर घेतो. मग १०० अँपिअर-तासांच्या मोठ्या बॅटरीचा वापरण्याजोगा निम्मा भागही सुमारे चार तासांत संपतो आणि ज्या घटकेला हाक मारायची, त्या घटकेला रेडिओ मुका झालेला असतो. अभयारण्यालगतच्या पाण्यात तर गाण्यांचा गोंगाट नकोच. शिवाय ध्वनिवर्धकातील चुंबक होकायंत्राची दिशा चुकवितो, ते वेगळेच.

वायर बारीक असली तर चांगली बॅटरीही उपयोगी पडत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून जाऊन-येऊन दहा मीटर अंतरावर ६ अँपिअर नेले, तर सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात. मोठ्या संचावर बोलण्याचे बटण दाबताच तो बंद पडतो, त्याचे कारण बहुधा हेच. कारागीर संच बदलायला सांगतो, बदलायची असते ती वायर. कल्हई केलेल्या तांब्याची जाड वायर आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, यांवर काटकसर करू नये. पेट्रोलच्या टाकीशेजारी ठिणगी पडली तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

चंद्रपूरच्या उन्हाची बाब परदेशी माहितीपुस्तिकांत सापडत नाही. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बाकाखालच्या बंद पेटीत त्याहून अधिक उष्णता असते. हल्ली लोकप्रिय झालेल्या लिथियम फॉस्फेट बॅटऱ्या हलक्या व टिकाऊ आहेत, पण बहुतेकांची चार्जिंगची कमाल मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते. भर दुपारी चार्जर लावला तर आतील संरक्षक मंडल पुरवठा तोडते आणि बोटचालकाला वाटते, बॅटरी बिघडली. अशी बॅटरी काढून रात्री सावलीत चार्ज करणे श्रेयस्कर. सौर पॅनेललाही ऊन मानवते, उष्णता मानवत नाही. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे त्याचे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटते. ६५ अंशांवर तापलेले पॅनेल छापील आकड्यापेक्षा सोळा टक्के कमी वीज देते. पन्नास वॅटच्या पॅनेलवर वरील १८ अँपिअर-तासांचा हिशेब जेमतेम बसतो, ढगाळ दिवशी बसत नाही.

पडदा निवडतानाही ऊन लक्षात घ्यावे. दुकानातील ट्यूबलाइटखाली झळकणारा पडदा भर उन्हात काळा दिसतो. शक्यतो तो दुकानाबाहेर नेऊन पाहावा. चालक ध्रुवीकरण करणारा गॉगल लावत असेल, तर तो लावूनच पाहावा, कारण काही पडदे विशिष्ट कोनातून अशा गॉगलमधून दिसतच नाहीत. वेष्टनावरील 'आयपीएक्स ७' याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणे एवढाच. चार्जिंगचे झाकण उघडे राहिले, की ही हमी संपली.

हवामानासाठी वेगळे यंत्र घेण्याची आवश्यकता नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल ॲप परिसरात वीज पडण्याची शक्यता कळविते आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' ॲप अन्य इशारे देते. दोन्हींना नेटवर्क लागते, त्यामुळे ती धक्क्यावरील माणसाच्या फोनमध्ये असणे अधिक उपयोगाचे. त्याने रेडिओवरून बोट परत बोलवावी. पोंभुर्णा परिसरात गोसीखुर्दच्या विसर्गाची सूचना हाही याच माणसाच्या कामाचा भाग ठरतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरून सोडलेल्या पाण्याने भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील काठची गावे पाण्याखाली गेली होती. येणारे पाणी बोटीवरचे कोणतेही यंत्र आधी सांगत नाही.

यंत्रचलित बोटींची नोंदणी, तपासणी आणि त्यांवरील जीवरक्षक व संपर्क साधने यांबाबत १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू आहे. तपासणी अधिकारी येण्याची वाट न पाहता बोटमालकाला एक चाचणी स्वतःच घेता येते. हंगाम सुरू होण्यापूर्वी रिकामी बोट जलाशयाच्या टोकाला न्यावी, मुख्य बॅटरीची वायर काढावी आणि उरलेल्या साधनांनी धक्क्यावरील माणसाला आपले ठिकाण कळवून दाखवावे. त्याला ते समजले आणि दुसरी बोट ठरल्या वेळेत पोहोचली, तरच प्रवाशांची तिकिटे फाडावीत.